जुनी गाडी घेताना आधी विचारा: चेन की बेल्ट?

भाच्यासाठी सेकंड हँड गाडी शोधतोय. नाशिकमध्ये द्वारका, मुंबई नाका, पाथर्डी फाटा, सगळीकडे चकरा झाल्या. टायर, एसी, सीट कव्हर यावर विकणारे भरभरून बोलतात. इंजिनात टायमिंग चेन आहे की बेल्ट, हे मात्र आपणहून कुणीच सांगत नाही. माझं मत ठाम आहे. आधीचा मालक ओळखीचा नसेल, तर चेनवालीच गाडी घ्या.

क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) आणि कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ या चेनने किंवा बेल्टने राखला जातो. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आदळतो. वॉल्व्ह वाकतात, हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग उतरवावा लागतो. कसारा घाटात रात्री हे झालं तर बायकापोरांना घेऊन टोइंगची वाट बघत बसायचं. आणि बेल्ट तुटण्याआधी बहुतेक वेळा काही आवाजही करत नाही.

बेल्ट रबराचा असतो, म्हणून तो किलोमीटरवर जातो तसा वयावरही जातो. बऱ्याच गाड्यांना तो 60 हजार ते 1 लाख किलोमीटरच्या दरम्यान किंवा ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो. इथेच लोक फसतात. 2013 ची गाडी, मीटरवर फक्त 45 हजार, म्हणून आपण खूश! पण बेल्ट मूळचाच असेल तर तो केव्हाच म्हातारा झालाय. कव्हरच्या आत असल्याने वरून दिसतही नाही. बिल मागितलं की उत्तर ठरलेलं, ‘आत्ताच बदललाय साहेब.’

चेन स्टीलची, इंजिन ऑइलमध्येच फिरते. झिजते, पण हळूहळू, आणि बहुतेकदा आधी खडखडते. तेवढी सूचना मिळाली तरी इंजिन वाचतं.

मारुतीची के-सिरीज इंजिनं, स्विफ्ट-डिझायरचं 1.3 लिटर डिझेल, होंडाचं 1.2 पेट्रोल, ही सगळी चेनची. जुनी अल्टो 800, सँट्रो झिंग, डस्टरचं 1.5 डिझेल बेल्टवर. आपल्या नाशिकच्या प्लँटमधून निघालेली डिझेल लोगनसुद्धा बेल्टवालीच. नुसत्या नावावर जाऊ नका. आय-टेनमध्ये 1.1 ला बेल्ट आहे आणि 1.2 कप्पा इंजिनला चेन. जुन्या 2.5 इनोव्हाला बेल्ट, क्रिस्टा 2.4 ला चेन.

आता ‘चेन लाइफटाइम असते’ हे एजंटचं वाक्य. ते अर्धंच खरं आहे. चेनचा टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, सहसा ऑइलच्या प्रेशरवर चालतो. ऑइल वेळेवर बदललं नसेल तर चेन सैल पडते, आणि ते काम बेल्टपेक्षा महाग जातं, कारण इंजिनचं पुढचं कव्हर, म्हणजे टायमिंग कव्हर, खोलावं लागतं. म्हणून गाडी सकाळी थंड असतानाच बघा. मालकाला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. मग दुसऱ्याला स्टार्ट करायला सांगून टायमिंग कव्हरच्या बाजूला कान द्या. क्षणभर खडखड होऊन आवाज थांबला तर ऑइल वर चढेपर्यंतचा तो आवाज असू शकतो, तरी फिटरला दाखवा. खडखड चालूच राहिली तर सोडून द्या. आपल्याकडे थंडीत निफाडचा पारा घसरतो, त्या दिवसांत ही परीक्षा सगळ्यात चोख होते. इंजिन बंद करून ऑइलचं झाकणही उघडा. आतून काळा, चिकट थर जमला असेल तर सर्व्हिस बुक कितीही गोड बोलो, त्या गाडीकडे परत वळू नका.

बेल्टची गाडी वाईट असते असं मी म्हणत नाही. बेल्ट, टेन्शनर आणि लागू असेल तिथे वॉटर पंप एकत्र बदलल्याचं तारखेसह बिल असेल तर खुशाल घ्या. बिल नसेल तर तेवढा खर्च किमतीतून कापा आणि पेढे वाटण्याआधी गाडी गॅरेजला न्या.

भाच्यासाठी इंदिरानगरमधली 2014 ची वॅगन आर मनात भरलीये. रविवारी सकाळी सातला जातोय. नाशिकमध्ये चेनचं काम मनापासून करणारा फिटर कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा.