क्रोमबुकबद्दलच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

शनिवारी तक्रार घेऊन आलात तेव्हा तुम्हाला आणि लेकीला दीड तास ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. ॲडमिशनच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तरी तुमच्याकडे आधी बघायला हवं होतं.

पण "लॅपटॉप सांगून क्रोमबुक गळ्यात मारलं, ऑटोकॅड चालत नाही, परतही घेत नाहीत" हे वाचून फार वाईट वाटलं. लातुरात आमचा धंदा विश्वासावर चालतो. औसा, रेणापूरकडचे पालक आता गाडीत बसायच्या आधी फोनवर स्टार बघतात, आणि आमची वर्षाची कमाई याच दोन महिन्यांची असते.

घेताना तुमच्यापुढे तीन मशीन मीच मांडल्या होत्या. पहिली गेमिंगची, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेली, सव्वादोन किलोच्या वर, शिवाय विटेएवढा चार्जर. ती उचलून तुम्हीच म्हणालात, "एवढं धोंडं लेकरू कसं वागवील?" दुसरा दीड किलोचा साधा विंडोज लॅपटॉप, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. तो बजेटच्या बाहेर गेला. तिसरं क्रोमबुक. त्याच्या कीबोर्डवर बोट ठेवून मी दाखवलं होतं, की कॅप्स लॉकच्या जागी हे भिंगाचं बटण आहे, विंडोजचं बटण नाही, कारण यात विंडोजच नाही, गुगलचं क्रोमओएस आहे. हिशेबाचं टॅली, ड्रॉइंगचं ऑटोकॅड असलं विंडोजचं सॉफ्टवेअर यात बसत नाही, हेही तेव्हाच कानावर घातलं होतं. तेव्हा तुमचं म्हणणं होतं अकरावी आणि सीईटी. व्हिडिओ लेक्चर, ऑनलाइन टेस्ट, पीडीएफ. त्या कामाला ते चांगलंच आहे. हलकं आहे, बॅटरी टिकते. सिव्हिल डिप्लोमाचं नंतर ठरलं, त्यात फसवणूक कुठे आली दादा? मी समोर उभं राहून सगळं सांगितलं होतं, म्हणून "गळ्यात मारलं" हे जास्त लागलं.

"यात विंडोज बसवून द्या" याला आमच्या पोराने नकार दिला, तो तुमच्याच भल्याचा. क्रोमबुकचं फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू करणारं आतलं मूळ सॉफ्टवेअर, वेगळं असतं. ते बदललं तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं, आणि पुढे आवाज, टचपॅड चालेलच याची खात्री नसते. मशीनमध्ये बिघाड नाही, त्यामुळे कंपनी बदलून देत नाही. ते माझ्या हातात नाही.

आता लेकीचं बघू. ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना ते मोफत देते, कॉलेजचा पुरावा लागतो. पण पूर्ण ऑटोकॅड विंडोज किंवा मॅकवरच बसतं. ८ जीबी रॅम किमान, १६ असेल तर बरं. डिप्लोमाच्या साध्या ड्रॉइंगला गेमिंग मशीन लागत नाही, कुणी सांगितलं तरी घेऊ नका. तुमचं क्रोमबुक मी योग्य भावात जमा करून घेतो आणि तो दुसरा लॅपटॉप माझा नफा न लावता देतो. बसायची सोयही वाढवतोय, आणि काय चालतं, काय नाही ते यापुढे बिलावर लिहून देऊ.

सकाळी अकराच्या आत या, गर्दी नसते. बिल, खोकं आणि चार्जर सोबत आणा. आणि यायच्या आधी लेकीला हव्या त्या फाइल दुसरीकडे ठेवून क्रोमबुक पॉवरवॉश, म्हणजे फॅक्टरी रीसेट, करायला सांगा, म्हणजे तिचं खातं आणि फाइल त्यातून निघून जातील.