आमच्याकडे म्हणजे कुठे?

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेला आठवडाभर हायड्रोजन पेटलाय. सुरुवात झाली एका व्हिडिओने. कोणीतरी स्कूटरच्या टाकीत बिसलेरीची बाटली ओततो आणि स्कूटर भुर्रकन निघते, म्हणे पाण्यातल्या हायड्रोजनवर. माझ्या फ्लॅटच्या बरोबर खाली राहणाऱ्या काकांनी लिहिलं, 'पेट्रोलवाल्यांची झोप उडणार.' बी विंगमधून लगेच उत्तर, 'हायड्रोजन म्हणजे बॉम्ब. आपल्या एमआयडीसीत येऊ देऊ नका.' तिसऱ्याला नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाची चिंता.

मी जर्मनीत, हॅम्बुर्गजवळच्या बुक्सटेहुडेत, शनिवारी फांडच्या (अनामत परत मिळणाऱ्या) बाटल्या मशीनमध्ये टाकता टाकता हे वाचत होतो. डोकंच फिरलं.

अहो, पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. चुलीतली राख पुन्हा पेटते का? पाण्यातून हायड्रोजन सोडवायला वीज लागते, किलोला पन्नास-पंचावन्न युनिटं, आणि त्या किलोत उरतात जेमतेम ३३. पाणी लागतं हिशेबाने नऊ लिटर, शुद्धीकरण वगैरे धरून थोडं जास्त. म्हणजे प्रश्न मोरब्याचा नाहीच, मीटरचा आहे. एका किलोत मोटार शंभरेक किलोमीटर जाते. तीच पंचावन्न युनिटं सरळ बॅटरीत भरली तर तीनशेच्या पुढे.

आणि वीज कोळशाची असेल तर सगळंच मुसळ केरात. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढताना किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. कोळशाच्या विजेवर इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाण्यातून हायड्रोजन सोडवणारं यंत्र, चालवला तर त्याच्या तिपटीहून अधिक. केंद्राने २०२३ मध्ये 'हरित' म्हणवून घ्यायला किलोमागे दोन किलोची मर्यादा घातली ती उगाच नाही. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य आहे. खतं, पोलाद, रिफायनरी यांच्यासाठी ते हवंच. स्कूटरसाठी नव्हे.

बॉम्बवाल्यांना काय सांगू? खाडीपलीकडे माहूलच्या रिफायनरीत डिझेलमधलं गंधक काढायला हायड्रोजनच वापरतात. रात्री एमआयडीसीतून वास आला की खिडक्या लावून झोपणारी माणसं आपण, आणि भीती कशाची, तर ज्याला वासच नाही त्याची! तसा हाच त्यातला खरा धोका. वास नाही, उजेडात ज्योत धड दिसत नाही. एक किलो साध्या दाबाला ठेवायचा तर सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकरही पुरणार नाही. म्हणून मोटारीत तो ७०० बारला, म्हणजे साध्या हवेच्या सातशेपट दाबाला, कोंबतात. रिक्षाचा सीएनजी २०० बारच्या आसपास असतो. द्रवरूप हवा तर उणे २५३ अंश. २०१९ मध्ये ऑस्लोजवळ सँडविकाच्या हायड्रोजन पंपावर स्फोट झाला, तो टाकीचं एक बूच नीट न जोडल्यामुळे. म्हणजे भ्यायचं ते फिटरच्या घाईला.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर मिजाशीत जोडलं, 'आमच्याकडे २०२२ पासून हायड्रोजनवर ट्रेन धावतात,' आणि बुक्सटेहुडे स्टेशनवर काढलेला निळ्या गाडीचा फोटो टाकला.

काकांचं उत्तर आलं, 'आमच्याकडे म्हणजे कुठे रे? आणि तू जातोस का त्यातून?'

नाही जात. मी रोज एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, हॅम्बुर्गला जातो, विजेवर. त्या हायड्रोजनच्या मार्गावर गेल्या खेपेला गेलो तेव्हा फलाटावर डिझेलची गाडी उभी होती, आणि तो वास आल्यावर मला चक्क ठाण्याचा एसटी स्टँड आठवला. बरंही वाटलं. इथल्या राज्यानेही, नीडरझाक्सनने, २०२३ मध्येच ठरवलं की पुढच्या गाड्या बॅटरीच्या. यातलं काहीच मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं. चौदा वर्षं झाली इथे. कामावर कोणी भारतातल्या धुराबद्दल बोललं की मी कर्नाटकातल्या पावगडाच्या सोलर पार्कचे आकडे फेकतो. ऐरोलीकरांना बुक्सटेहुडे दाखवतो. दोन्हीकडे समोरच्याला गप्प करायचं एवढंच. 'आमच्याकडे' हा शब्द मात्र दोन्हीकडे तोच.

काकांना काय उत्तर द्यावं म्हणून फोन हातात धरून बसलो होतो, तेवढ्यात त्यांचा दुसरा मेसेज आला, या वेळी ग्रुपवर नाही, मला एकट्याला. 'पाण्यावरची गाडी राहू दे. तुझ्या भाडेकरूच्या बाथरूमचं पाणी माझ्या छतातून गळतंय, दोन महिने झाले. तिथून काही करता आलं तर बघ.'

प्लंबर मिळाला. मंगळवारी येतो म्हणालाय.