बसायचे दोनशे

आमच्या बाल्कनीला चार वर्षांपूर्वी कबुतरजाळी लावून घेतली. नायलॉनची, बारीक, लांबून दिसत नाही अशी. लावणारा माणूस दोरीला लोंबकळत अर्ध्या दिवसात काम उरकून गेला आणि जाताना म्हणाला, साहेब गॅरंटी आहे, आत काही येणार नाही. कबुतरं आलीच, पण तो वेगळा विषय आहे. सांगायचं काय, तर जाळी ही वस्तू कुणालातरी बाहेर ठेवायला असते अशी माझी आजवरची साधी समजूत होती, आणि त्याच जाळीत आपण होऊन, आठवडाभर आधी बुकिंग करून, माणशी साडेसातशे रुपये भरून शिरायचं असतं हे मला मागच्या रविवारी कळलं.

आयडिया आमच्या साडूंची. साडू म्हणजे हिंजवडीत नोकरी, पहाटे साडेपाचला जिम, हातातल्या घड्याळात झोपसुद्धा मोजणार. वजन अडुसष्ट किलो. माझं किती ते पुढे ओघात येईलच. त्यांनी फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला, एका मोठ्या हॉलमध्ये छताखाली जाळ्या टांगलेल्या आणि त्यावर पोरं उड्या मारतायत, आणि खाली लिहिलं, सगळेच जाऊया, आईंना पण घ्या. मी अंगठा दाखवला. आता आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे काय हे बारक्या पोरालाही माहितीये, पण फोनवर तो होकार धरतात. तासाभरात साडूंनी बुकिंग करून टाकलं.

आम्ही कोथरूडचे आणि ते ठिकाण बाणेरच्याही पुढे. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये रात्री स्फोटकं लावून पाडला तेव्हा अख्ख्या पुण्यासारखं मलाही वाटलं होतं की सुटलो बाबा एकदाचे, मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवीन पूल उघडला, आणि आता तिथे इतके रॅम्प आहेत की एक चुकला की माणूस सरळ साताऱ्याला लागतो. मी चुकलो. वारज्यापर्यंत जाऊन परत आलो. मागच्या सीटवरून आई म्हणाली, आलोच आहोत तर वाईला जाऊन येऊ. स्लॉट अकरा ते बारा होता, आम्ही अकरा वाजून बारा मिनिटांनी पोचलो, आणि ती बारा मिनिटं गेली ती गेलीच.

काउंटरवरच्या मुलाने आमची डोकी मोजली. म्हणाला, आजींचं पण लागेल.

"अरे त्या चढणार नाहीत, नुसत्या बसणार आहेत," आमची ही म्हणाली.

"हो मॅम, बसायचे दोनशे."

आईने चष्मा वर केला. "बसायचे दोनशे?"

"त्यात सॉक्स येतात, आजी."

"अरे बाळा, याला मी पेशवे पार्कात फुलराणीत बसवायला न्यायचे. १९५६ सालची गाडी ती, माझ्या जन्माआधीची. तिथे गाडीत बसणाऱ्याचं तिकीट असायचं. बघणाऱ्याचं नाही."

तो मुलगा विशीतला असेल, त्याला १९५६ म्हणजे पानिपतच्या आसपासचं काहीतरी वाटलं असणार. त्याने नुसतं हसून रबरी टिपक्यांचे नारंगी मोजे पुढे केले. आईने ते उलटसुलट करून पाहिले, टिपके नखाने खरवडून पाहिले आणि पर्समध्ये टाकले. दोनशे रुपये मात्र तिच्या डोक्यात बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

मग एक फॉर्म. हात मोडला, पाय मोडला, मान मुरगळली तर आमचा काही संबंध नाही असा दीड पानी मजकूर आणि खाली स्क्रीनवर बोटाने सही. माझी सही गांडुळासारखी आली. पुढे सिक्युरिटीने पिशवी उघडायला लावली, बाहेरचं खाणं अलाउड नाही, आणि पिशवीत शंकरपाळ्यांचा डबा. आई शांतपणे म्हणाली, मला शुगर आहे, मधेच चक्कर येते. शुगर असलेल्या बाईच्या पिशवीत शंकरपाळे कसे, हा प्रश्न त्या माणसाला पडला नाही. त्याने डबा अदबीने परत ठेवला.

आणि मग ती जाळी. म्हणजे जाळ्या. हॉल एखाद्या गोडाऊनएवढा, बहुतेक पूर्वी गोडाऊनच असावं, आणि जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काळी जाळी ताणलेली, तिच्यावर अजून एक, मधे जाळीचेच बोगदे, जाळीचीच घसरगुंडी. एकेक भोक माझ्या दोन बोटांएवढं. साडू म्हणाले, बघा, या जाळीला गाठी नसतात, दोरे एकमेकांत विणून घेतलेले असतात, त्यामुळे अनवाणी चाललं तरी पायाला टोचत नाही. आणि स्ट्रेंथचं म्हणाल तर ट्रक ठेवा. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे एक ओझरती नजर टाकली ती मी बघितली.

खिसे रिकामे करा असं चार ठिकाणी लिहिलं होतं. मी फोन, पाकीट, किल्ल्या आईकडे दिल्या आणि जिना चढलो.

पहिलं पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत गेलो. म्हणजे भोकातून नाही, अख्खी जाळीच खाली गेली. दुसरं पाऊल टाकायला पहिलं वर काढावं लागतं, आणि ते काढायला दुसऱ्यावर जोर द्यावा लागतो, तर ते जातं खाली. दलदलीत असंच होत असणार, पण दलदलीत निदान खालून कुणी बघत नाही. चौथ्या पावलाला मी हात टेकले. सहाव्याला बसलो. आणि बसल्याबसल्या माझ्याभोवती चांगली ऐसपैस विहीर तयार झाली.

साडू टुणटुण उड्या मारत आले आणि समजावून सांगायला लागले. आडवी दोरी कितीही ताणा, ती वजनाला वरच्या बाजूला ओढूच शकत नाही, थोडी तरी वाकल्याशिवाय तिला वजन पेलता येत नाही, म्हणून झोळ पडणारच, आणि जितकं वजन जास्त... इथे ते थांबले. चौऱ्याण्णव, मी म्हटलं. सांगून टाकलं, आधीच विहिरीत बसल्यावर लपवायचं काय.

तेवढ्यात विहिरीच्या काठावरून आमचा पाच वर्षांचा ईशान पळत चालला होता, तो घरंगळत येऊन माझ्या पोटावर आदळला. त्याच्या मागे साडूंची दोन पोरं. मग एक अनोळखी मुलगी, जिने माझ्या मांडीत बसून विचारलं, काका, तुम्ही गेमचा भाग आहात का? आणि शेवटी आमची नऊ वर्षांची सई, जी पडली नाही, मुद्दाम घसरत आली, आणि आल्याआल्या म्हणाली, "बाबा, आमच्या सरांनी सायन्सला हेच दाखवलं होतं. ताणलेल्या कापडावर मोठा गोळा ठेवायचा, मग गोट्या सोडायच्या, सगळ्या त्याच्याकडे येतात. ग्रॅव्हिटी तशीच असते. तू मोठा गोळा आहेस."

आइन्स्टाइनला हे १९१५ साली समजलं म्हणतात. आमच्या आजोळी, वाईजवळ, हे त्याच्याही आधीपासून माहीत असणार, कारण अंगणात बाज होती. सुतळीची. दोनेक महिन्यांत सुतळी सैल व्हायची आणि मधे झोळ पडायचा, मग दोघं भावंडं भांडून दोन कडांना झोपलो तरी सकाळी मधोमध एकमेकांच्या अंगावर. मग मामा पायथ्याची दोरी सोडायचा, एक पाय चौकटीला लावून ती करकचून ओढायचा आणि पुन्हा बांधायचा, आणि त्या दिवशी बाज ढोलक्यासारखी वाजायची. हे मी आठवतोय तोवर खालून हाक आली.

"अरे मधे कशाला गेलास! कडेकडेने चाल! बाज आहे ती!"

आई बरोब्बर माझ्या खाली खुर्ची ओढून बसली होती. दोनशे रुपये दिलेत म्हटल्यावर भिंतीकडेच्या बाकावर ती कशाला बसेल. मांडीवर डबा, पायाशी सात जोड बूट-चपला, आणि नजर वर. आता जाळी ही खालून आरपार दिसते हे ती बांधणाऱ्याच्या लक्षात आलं होतं की नाही देव जाणे, पण चौऱ्याण्णव किलोचा मुलगा दोन-दोन बोटांच्या चौकोनांत दाबून भरलेला खालून कसा दिसत असेल याची मला कल्पना करवेना. आईने तीही वेळ येऊ दिली नाही. शेजारच्या बाईंना ती सांगत होती, "तो मधला माझा. लहानपणी अशक्त होता हो."

मी पालथा झालो, रांगायचा विचार होता. पालथा होताच शर्टाच्या खिशातून पाचचं नाणं सटकलं, भोकातून खाली गेलं आणि टण्ण वाजलं. त्याच्या मागून ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी, मग सोसायटीच्या मेंटेनन्सची घडी घातलेली पावती, गिरक्या घेत. आई एकेक उचलत होती आणि मोठ्याने नोंद करत होती. "पाच रुपये. गोळ्या. हे काय, एप्रिलचं मेंटेनन्स आता भरलंस?" हॉलमध्ये तिचा आवाज छान घुमत होता.

मला बाहेर काढायला ही आली. तिचा हेतू चांगला होता. विहिरीच्या काठाशी तिने हात पुढे केला, मी धरला, आणि दोघंही तळाला. पोरं तोवर कंटाळून बोगद्यात गेली होती. आम्ही दोघंच त्या झोळात, खांद्याला खांदा लावून, छताकडे बघत. उठायचा प्रयत्न केला की पुन्हा एकमेकांवर. शेवटी प्रयत्न सोडला. बऱ्याच दिवसांत असे निवांत पडलो नव्हतो, हातात फोन नाही, वर नुसते पत्रे आणि ट्यूबलाइट.

"ऐक ना," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"गॅस बंद केला होतास ना?"

त्यानंतर पाच मिनिटं आम्ही आठवत होतो. खालून आई म्हणाली, मी केलाय. म्हणजे सगळं ऐकू जात होतं.

हे सगळं सुरू केलं कुणी हे मी घरी आल्यावर शोधलं. ट्रॅम्पोलिन, म्हणजे उड्या मारायचं ताणलेलं कापड, बनवणारा जॉर्ज निसेन अमेरिकेतला, १९३० च्या दशकातला. त्याने सर्कशीत पाहिलं की झोपाळ्यावरचे लोक खेळ संपला की खालच्या जाळीत पडतात आणि पडल्यावर वर उसळतात, तेव्हा त्याला वाटलं हे उसळणंच वेगळं विकावं. म्हणजे मूळ खेळ काढून टाकला आणि पडायचं तेवढं ठेवलं. त्याच सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोला गोल्डन गेट पूल बांधत होते, तिथे कामगारांसाठी खाली जाळी लावली होती आणि त्या जाळीने १९ जणांचा जीव वाचवला. त्या १९ जणांनी आपला एक क्लब काढला आणि नाव ठेवलं हाफवे टु हेल, म्हणजे नरकाच्या अर्ध्या वाटेवर. मला मेंबरशिप मिळायला हरकत नव्हती.

तर आम्ही झोळात पडलेलो, एवढ्यात शिट्टी. निळे बँड टाइम ओव्हर, निळे बँड बाहेर या. आमच्या मनगटाला निळेच. पोरं एका मिनिटात घसरगुंडीवरून खाली, साडू तर आधीच खाली उभे राहून घड्याळात कॅलरी बघत होते. ही माझ्या खांद्यावर पाय देऊन काठाला लागली, त्याबद्दल तक्रार नाही. उरलो मी. शिट्टीवाला मुलगा काठावर येऊन म्हणाला, काका चला ना. मी म्हटलं, बाळा, मी साडेअकरापासून तेच करतोय.

शेवटी आईचंच ऐकलं. पोटावर झोपून हातपाय पसरले, म्हणजे वजन एका जागी येत नाही, आणि पालीसारखा सरकत आधी भिंतीकडे गेलो. भिंतीजवळ जाळी लोखंडी पाइपाला बांधलेली असते तिथे ती कडक लागते, चौकटीवर पाय दिल्यासारखी. तिथून उभा राहून, पाइप धरून, कडेकडेने, पूर्ण हॉलला प्रदक्षिणा घालून जिन्याशी पोचलो. शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. काउंटरवर कळलं की पंधरा मिनिटं जास्त झाली, त्याचे दीडशे. बाहेर पडायला लागलेल्या वेळाचे पैसे असतात, हे ऐकून मी काही बोललो नाही. आई बोलली, पण पैसे काही कमी झाले नाहीत.

बाकी त्या पार्कात प्लास्टिकच्या चेंडूंचा हौद होता, त्यात ईशानचा एक मोजा गेला तो तिथेच राहिला. स्पंजच्या ठोकळ्यांचा खड्डा होता, साडू म्हणाले उतरताय का, मी फक्त बघितलं त्यांच्याकडे. आणि कॅफेत एवढ्याशा बटाट्याच्या फोडी दोनशे वीसला, वर पेरी पेरी म्हणून लाल तिखट. शंकरपाळे सगळ्यांनी खाल्ले, टेबलाखालून.

घरी येताना रॅम्प बरोबर लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गुडघे दुमडता येईनात, पलंगाच्या कडेला बसून मी उठायची तयारी करत होतो, तर बाथरूममधून आई बाहेर आली. नऊवारी नाही पण साधी सुती साडी, डोक्याला टॉवेल, आणि पायात ते झगझगीत नारंगी मोजे. ओल्या फरशीवरून तरातरा चालत आली, वळली, परत जाऊन बादली घेऊन आली.

"अजिबात घसरत नाही रे," म्हणाली. "टिपके पक्के आहेत. तुमचे साडेतीन जोड पण धुऊन वाळत टाकलेत, कबुतरांच्या जाळीला अडकवलेत, वाळले की मलाच राहू देत. आणि त्या साडूंना विचार, परत कधी जायचंय. दुसरा रंग मिळतो का बघते."