राजाची नात नव्हे, सुईणीची लेक

न्यूयॉर्कच्या जुन्या डच घराण्यांच्या वंशावळीत आन्नेके यान्स हे नाव आलं की मागोमाग एक दावा येतोच. ही बाई म्हणे हॉलंडच्या राजाची नात. तिच्या घराण्याने मॅनहॅटनची जमीन ट्रिनिटी चर्चला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, मुदत केव्हाच सरली आणि आता सगळं वंशजांचं.

राजाचं आधी बघू. हॉलंडला पहिला राजा मिळाला 1806 साली, नेपोलियनचा भाऊ लुई. आन्नेके वारली 1663 मध्ये, म्हणजे नात आजोबांच्या आधी जवळजवळ दीडशे वर्षं! यावर ‘राजा नाही हो, ऑरेंजचा विल्यम’, म्हणजे डच बंडाचा नेता, अशी दुरुस्ती येते. तो 1584 मध्ये मारला गेला, त्याच्या मुलाबाळांची नोंद आहे आणि त्यांत आन्नेकेचे आईबाप कुठेच नाहीत. तिच्या 1623 च्या ॲमस्टरडॅममधल्या लग्ननोंदीत गाव दिलंय नॉर्वेतलं फ्लेकेरॉय. आई ट्रेंत्ये योनास न्यू ॲमस्टरडॅममध्ये, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमध्ये, डच वेस्ट इंडिया कंपनीची सुईण होती.

‘यान्स’ या आडनावाचा माग काढत राजघराण्यापर्यंत पोहोचणाऱ्यांची तर कमालच. ते आडनाव नाहीच. यान्स म्हणजे यानची मुलगी, आपल्या मधल्या नावासारखं, फक्त पुढे आडनाव नाही. पहिल्या नवऱ्याचं नावही रूलॉफ यान्स, कारण त्याच्या वडिलांचं नावही यानच.

आता जमीन. रूलॉफला 1636 मध्ये मॅनहॅटनवर हडसनकाठी सुमारे 62 एकर मिळाली. तो लवकरच गेला. 1638 मध्ये तिने पाद्री एव्हरार्डस बोगार्डसशी लग्न केलं. तोही 1647 मध्ये वेल्सच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडाला. जमीन तिच्याकडे राहिली. मृत्युपत्रात तिने स्पष्ट लिहिलं, की या शेताच्या उत्पन्नातून पहिल्या नवऱ्याच्या मुलांना आधी 1000 गिल्डर द्यावेत. पुढे 1671 मध्ये वारसांनी ती इंग्रज गव्हर्नर लव्हलेसला विकली. नंतर ती सरकारजमा झाली आणि 1705 मध्ये राणी ॲनच्या सनदेने चर्चला मिळाली. चर्चची स्थापनेची सनदच 1697 ची, म्हणजे जमीन विकली गेली तेव्हा ते जन्मलंही नव्हतं. भाडेपट्टा करायचा तरी कुणाशी?

वॉल स्ट्रीटसमोरचं चर्चही तिच्याच शेतावर उभं आहे असं सांगतात. शेत त्याच्या उत्तरेला होतं.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती दडवण्यात अर्थ नाही. मुलगा कॉर्नेलिस आधीच वारला होता आणि 1671 च्या खरेदीखतावर त्याच्या वारसांच्या सह्या नाहीत. सगळे दावे या एका फटीतून आत शिरले. आपल्याकडे सातबाऱ्यावर एखाद्या बहिणीची सही राहून गेली की काय रामायण होतं, ते माहीतच आहे. पण मालकी सांगायची तर वेळेत सांगावी लागते. 1847 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने चर्चच्या दीर्घ, उघड ताब्यावर बोट ठेवून वारसांचा दावा फेटाळला. तरीही पुढे कित्येक वर्षं वारसांच्या संघटना निघत राहिल्या, ‘खटल्यासाठी’ वर्गणी घेत राहिल्या. वंशजांच्या हाती एकरही आला नाही. वर्गणी मात्र गेली.