वॉरंट नाही, म्हणजे केस नाही?

जळगाव-धुळ्यापासून नंदुरबारपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. झडतीला पोलिस आले की आधी 'वारंट कोठे शे?' विचारा, नसेल तर दार उघडू नका. वॉरंटशिवाय सापडलेला मुद्देमाल कोर्ट पुरावा म्हणून धरतच नाही. आणि पंच, म्हणजे झडतीचे साक्षीदार, फुटले की केस संपली.

दाराचा सल्ला सगळ्यात घातक. तपास अधिकाऱ्याला काही परिस्थितीत वॉरंटशिवाय झडती घेता येते. पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम 165 होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 185 आहे. वॉरंट आणेपर्यंत वस्तू हातची जाईल असं वाटलं, तर कारणं आधी लेखी नोंदवायची आणि त्या नोंदीची प्रत 48 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे धाडायची. दार अडवलंत तर सरकारी कामात अडथळ्याचा वेगळा गुन्हा अंगावर येतो. घरात काही सापडलं नाही तरी तो राहतोच.

पुरावा बाद होण्याची गोष्ट अमेरिकेची आहे. तिथे 1914 पासून फेडरल कोर्टांत आणि 1961 च्या मॅप खटल्यापासून राज्यांतही बेकायदा झडतीतला पुरावा बाजूला ठेवतात. आपल्या सुप्रीम कोर्टाने 1974 च्या पूरनमल निकालात नेमकं उलट सांगितलं: पुरावा खटल्याशी संबंधित असेल आणि कायद्यात स्पष्ट मनाई नसेल, तर झडती चुकीची होती एवढ्यावरून तो फेकता येत नाही. 1980 चा नटवरलाल सोनी खटला तर महाराष्ट्रातलाच, तोही तस्करीच्या सोन्याचा. झडती बेकायदा धरली तरी जप्ती टिकते, असं कोर्ट म्हणालं. झडतीतल्या चुकांमुळे पुराव्याकडे संशयाने बघितलं जातं, त्याचं वजन घटतं. बचावाचा वकील उलटतपासणीत तेच तर करतो.

झडतीतल्या चुकीने शिक्षा खरंच कोसळते असं एक ठिकाण आहे, आणि नेमकं तेच मेसेजमध्ये नाही. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 50 प्रमाणे अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा हक्क आरोपीला सांगावाच लागतो. तो सांगितला नाही तर अंगावर सापडलेल्या मालावर शिक्षा टिकत नाही, हे 1999 च्या बलदेवसिंग निकालात घटनापीठाने ठरवलं. पण हे फक्त अंगझडतीपुरतं. हातातली पिशवी, गाडीची डिकी यांना ते लागू नाही. मग सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूरकडच्या शेतात उभा गांजा सापडला, तर कलम 50 काय कामाचं?

पंच फुटतात, रोजच फुटतात. तरी झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तिच्यावर शिक्षा होऊ शकते. शिवाय आता झडतीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं आहे, त्यामुळे 'मी तिथे नव्हतोच' म्हणणारा पंच मोबाइलमध्ये उभा दिसतो. तेच चित्रण घरमालकाच्याही उपयोगाचं आहे. तेव्हा दार उघडा, चित्रण चालू आहे का ते बघा आणि जप्तीच्या यादीची पंचांच्या सह्यांची प्रत मागून घ्या. ती देणं पोलिसांवर बंधनकारक आहे.