ब्लीचमध्ये व्हिनेगर घालू नका: कुंपणाच्या त्या मेसेजला उत्तर

एप्रिल संपत आला की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्रुपवर तो मेसेज न चुकता येतो. 'पांढरं व्हिनाइल कुंपण २० वर्षं नव्यासारखं ठेवण्याचे घरगुती उपाय' असं त्याचं शीर्षक. (व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, एक प्रकारचं प्लास्टिक.) तेव्हा ओकचे पिवळट-हिरवे परागकण गाडीपासून पायरीपर्यंत सगळ्यावर बसलेले असतात, कुंपणाची उत्तरेकडची बाजू हिरवी झालेली असते आणि एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेचं, पत्र यायच्या आत ते धुवून टाकायची घाई असते. मेसेज मराठीत, सांगणारा ओळखीचा, सामान स्वयंपाकघरातलं. त्यामुळे लोक लगेच कामाला लागतात.

याच दिवसांत अनेक घरी भारतातून आई-बाबा आलेले असतात. मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं शाळेत, दिवस खायला उठतो. काहीतरी हातभार लावावा म्हणून बादली घेऊन तेच बॅकयार्डात उतरतात. हे मी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितेय. आमच्या घराभोवती १२ वर्षं हेच कुंपण आहे आणि मी ते दरवर्षी स्वतः धुते. त्यामुळे त्या मेसेजातली एकेक गोष्ट काय करते ते मला माहीत आहे.

पहिलाच उपाय सगळ्यात घातक आहे. 'एक कप ब्लीच, एक कप व्हिनेगर, दोन झाकणं भांड्यांचं लिक्विड आणि गरम पाणी. दोन्ही जंतुनाशक, म्हणून ताकद दुप्पट.'

गेल्या वर्षी मे महिन्यात शेजारी पुण्याहून आलेल्या काकांनी नेमकं हेच मिश्रण गॅरेजमध्ये केलं, दार अर्धवट वर असताना. मी कात्री परत द्यायला गेले, तर दारातच पोहण्याच्या तलावावर येतो तसा वास आला, पण नाकातून थेट घशात टोचणारा. काका एका हाताने भिंत धरून खोकत होते आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. त्यांना धरून बाहेर आणलं, वाऱ्याच्या बाजूला खुर्चीत बसवलं आणि १-८००-२२२-१२२२ या विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी सांगितलं तसं केलं. पुढे दोन दिवस काका खोकत होते, मग बरे झाले. बादली इवलीशी होती म्हणून निभावलं.

ब्लीच म्हणजे पाण्यात विरघळलेलं सोडियम हायपोक्लोराइट. त्यात व्हिनेगरसारखं कुठलंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो. तो वर उडून जात नाही, गॅरेजच्या तळाशी साचतो, आणि बादलीवर वाकलेल्या माणसाचं नाक तिथेच असतं. टॉयलेट साफ करायच्या आम्लानेही हेच होतं. काचा पुसायच्या अमोनियावाल्या लिक्विडमध्ये ब्लीच पडलं, तर क्लोरामीन नावाचा तितकाच वाईट वायू तयार होतो. ताकद दुप्पट व्हायचं तर सोडाच, डागावर काम करणारा क्लोरीनच हवेत निघून जातो. चुकून असं मिश्रण झालंच, तर ते ओतायला, त्यात पाणी घालायला थांबू नका. आधी बाहेर पडा.

व्हिनेगर वाईट नाही, एकटं वापरा. सात मग पाण्यात तीन मग पांढरं व्हिनेगर. घरांच्या व्हिनाइल साइडिंगवरच्या, म्हणजे बाहेरच्या भिंतींवर बसवलेल्या पट्ट्यांवरच्या, हलक्या बुरशीसाठी इथे वर्षानुवर्षं हेच प्रमाण सांगितलं जातं आणि कुंपणालाही ते चालतं. उत्तरेकडचं जाड शेवाळ त्याने निघालं नाही, तर कपड्यांसाठी मिळणारी ऑक्सिजन ब्लीचची (क्लोरीन नसलेली) पावडर कोमट पाण्यात कालवून लावा, दहा मिनिटं थांबा आणि गाडी धुवायच्या मऊ ब्रशने चोळा. ही पावडरही दुसऱ्या कशात मिसळायची नाही. ढगाळ दिवस निवडा, म्हणजे लावलेलं वाळणार नाही. लावताना खालून वर जा, नाहीतर वरून ओघळलेल्या पाण्याचे पट्टे कोरड्या भागावर उमटतात आणि ते काढणं मूळ शेवाळापेक्षा कठीण. शेवटचं साधं पाणी मात्र वरून खाली.

मेसेजात पुढे म्हटलंय, 'काळे डाग म्हणजे बुरशी. सगळ्यावर ब्लीच हाच उपाय.' इथे जरा थांबावं लागेल, कारण आमच्या भागात पांढऱ्या कुंपणावर काळं दिसणाऱ्या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि न बघता ब्लीच ओतणाऱ्याची निम्मी मेहनत वाया जाते.

एक साधी बुरशी. सावलीत, झुडपांच्या मागे, धुरकट ठिपक्यांसारखी. ती प्लास्टिक खात नाही, प्लास्टिकवर बसलेली धूळ आणि परागकण खाते. व्हिनेगरच्या पाण्याने निघते.

दुसरी काजळी, आणि ही हल्लीची. लँटर्नफ्लाय हा ठिपकेदार किडा अमेरिकेत पहिल्यांदा २०१४ साली पेनसिल्व्हेनियात सापडला आणि २०१८ मध्ये न्यू जर्सीत आला. तो झाडाचा रस शोषतो आणि खाली गोड, चिकट थेंब टाकतो. त्या गोडव्यावर काळी बुरशी चढते. कोकणातल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. आंब्यावर तुडतुडे पडले की पानं आधी चिकट होतात, मग काळी, तोच प्रकार. या किड्याचं लाडकं झाड म्हणजे ट्री ऑफ हेवन, आपल्या महारुखाचा चुलतभाऊ. ते कुंपणाच्या मागे माजलेलं असेल तर दर ऑगस्टला कुंपणाचा वरचा कठडा काळा होणारच. बोट लावून बघा, चिकट लागलं तर ही काजळी. कोमट साबणाच्या पाण्याने सहज सुटते. पण खरा उपाय वर, झाडावर करायचा आहे.

तिसऱ्या डागाने मला दोन उन्हाळे छळलं. डांबराचे असावेत असे टाचणीच्या डोक्याएवढे गोल ठिपके, फुगीर, पुसले जात नाहीत. मी ब्लीच लावलं, काही फरक नाही. नखाने एक खरवडला तर मागे तपकिरी वर्तुळ राहिलं. ही आर्टिलरी फंगस, म्हणजे तोफ डागणारी बुरशी. ती कुंपणावर राहतच नाही. ती राहते फुलझाडांच्या वाफ्यात घातलेल्या लाकडी मल्चमध्ये, म्हणजे मातीवर पसरलेल्या लाकडाच्या तुकड्यांच्या थरात. तिथे ती दोन-तीन मिलिमीटरची नारिंगी वाटी उघडते आणि आतली बीजाणूंची काळी गोळी उजेडाच्या दिशेने फेकते, पाच-सहा मीटर लांबपर्यंत. पांढरं, चकाकणारं कुंपण तिला आयतं लक्ष्य सापडतं. गोळी ताजी असताना प्लास्टिकच्या उलथन्याने अलगद निघते, वाळली की डाग राहतो. तेव्हा ब्लीचवर पैसे घालवण्यापेक्षा कुंपणालगतचं लाकडी मल्च काढून तिथे खडी टाका. मल्च हवंच असेल तर पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधलेला उपाय आहे. आळंब्यांच्या शेतीतून उरलेलं कंपोस्ट मल्चमध्ये मिसळलं की ही बुरशी दबते. मी कुंपणाच्या कडेने दोन फूट रुंद खडीचा पट्टा केला, दूरच्या वाफ्यांत ते कंपोस्ट घातलं. नवे ठिपके अगदी तुरळक येतात.

डाग नारिंगी असेल तर तो लोखंडाचा. बागेच्या स्प्रिंकलरला विहिरीचं पाणी असेल तर कुंपणावर कमानीच्या आकाराची गंजकी छटा दिसते. यावर ब्लीच टाकलं तर ती आणखी पक्की बसते. गंजाचे डाग काढायचं ऑक्झॅलिक आम्लाचं क्लीनर मिळतं, हातमोजे घालून ते वापरा. आणि हे आम्ल आहे, तेव्हा त्याच दिवशी त्याच जागी ब्लीच नको.

'प्रेशर वॉशर फुल सोडा, लाल नोझल लावा, पाच मिनिटांत काम.' लाल नोझल म्हणजे शून्य अंशाची, पाण्याची सुईसारखी धार. पेट्रोलवरच्या मशीनमध्ये २,५०० ते ३,००० पीएसआयचा (चौरस इंचावर तितके पौंड) दाब असतो. ती धार जवळून धरली तर प्लास्टिकवर कायमचे ओरखडे पडतात. दुसरं नुकसान बाहेरून दिसत नाही. कुंपणाचे खांब आणि आडव्या पट्ट्या आतून पोकळ असतात आणि पट्टी खांबाच्या भोकात नुसती सरकवलेली असते. त्या सांध्यावर धार मारली की पाणी आत जातं. ते हिवाळ्यापर्यंत आत राहिलं तर गोठतं, फुगतं, आणि थंडीत आधीच ठिसूळ झालेला खांब उभा चिरतो. प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर पांढरी, ४० अंशांची नोझल, निदान दोन फुटांवरून, आणि सांध्यांकडे तोंड न करता. खरं सांगायचं तर बागेचा साधा पाईप आणि मऊ ब्रश पुरतो.

हट्टी डागांवर तारेची घासणी आणि नेलपॉलिश रिमूव्हर, असंही त्यात आहे. दोन्ही नको. तारेचे बारीक तुकडे ओरखड्यांत अडकून गंजतात आणि पुढच्या पावसाची घाण त्या ओरखड्यांतच जाऊन बसते. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा ॲसिटोन असतं आणि त्याने पीव्हीसी मऊ पडून फुगतं. पीव्हीसीचे पाईप जोडायचं सोल्यूशन याच जातीच्या द्रावकांचं असतं, ते पृष्ठभाग विरघळवूनच जोड धरतं. तुम्ही डाग पुसत नसता, कुंपणाची त्वचा वितळवत असता. बॉलचा किंवा बुटाचा डाग असेल तर मेलामाइनचा पांढरा स्पंज ओला करून हलक्या हाताने. तोही एक प्रकारचा बारीक पॉलिशपेपरच आहे, तेव्हा तेवढ्या डागापुरताच.

'बोटाला पांढरी भुकटी लागली तर माल बोगस, त्यात शिसं आहे.' या ओळीने एका मैत्रिणीने लहान मुलाला अख्खा उन्हाळा बॅकयार्डात सोडलं नाही, म्हणून हेही लिहायला हवं. उन्हापासून वाचवायला पांढऱ्या पीव्हीसीत टायटेनियम डायऑक्साइड घालतात, तेच जे भिंतीच्या रंगात असतं. वर्षानुवर्षांच्या उन्हाने सगळ्यात वरचा थर झिजला की ते भुकटीसारखं मोकळं होतं. शिशाची भीती उगाच आलेली नाही. १९९६ मध्ये इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने परदेशातून आलेल्या व्हिनाइलच्या खिडकीच्या पडद्यांत शिसं असल्याचा इशारा दिला होता. पण ते पडदे वेगळे. अमेरिकेत कुंपणाच्या पीव्हीसीला टिकाऊपणासाठी प्रामुख्याने कथिलाची संयुगं वापरतात. भुकटी ओल्या फडक्याने पुसा आणि पोराला खेळू द्या.

खोबरेल तेलाचा हात फिरवून चकाकी आणायचा सल्ला आपल्याला जवळचा वाटतो, कारण घरच्या लाकडी दारांना आजी तो द्यायची. लाकूड तेल पितं, पीव्हीसी पीत नाही. तेल वरच राहतं, त्यावर परागकण चिकटतात आणि बुरशीला जेवण मिळतं.

आणि आता तो सल्ला, जो धुण्याबद्दल नाही पण ज्याने कुंपण खरंच मोडतं. 'पट्ट्या खांबात हलत असतील तर स्क्रू मारा किंवा सिलिकॉन भरा.' त्या हलाव्यात म्हणूनच सैल ठेवलेल्या असतात. पीव्हीसी उन्हात पसरतं आणि थंडीत आखडतं. जानेवारीतला उणे १० अंश सेल्सिअस आणि जुलैच्या उन्हात तापलेला ४५, असा ५५ अंशांचा फरक धरला तर आठ फुटी पट्टीची लांबी साधारण ८ मिलिमीटरने बदलते. दोन्ही टोकं जखडली की तेवढ्या लांबीला जायला जागाच उरत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी मार्चमध्ये स्क्रू मारले होते. जुलैत दोन पट्ट्या धनुष्यासारख्या वाकल्या आणि एका खांबाचं भोक फाटलं.

मेसेजाची शेवटची ओळ, 'एवढं केलं की २० वर्षं बघायला नको.' बघायला हवं, फक्त फार नाही. बार्बेक्यूची ग्रिल कुंपणाला चिकटून ठेवू नका, पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि एकदा वाकलेली फळी सरळ होत नाही. गवत कापायच्या दोरीच्या यंत्राने खांबांच्या पायथ्याशी पडणारे वळ कुठल्याच क्लीनरने जात नाहीत, तिथे खडी टाकली की यंत्र तिथवर न्यावंच लागत नाही. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर एखादा खांब वर आलेला दिसला तर त्याचा पाया गोठणाऱ्या थराच्या खाली गेलेला नाही, तो पुन्हा रोवावा लागेल. हातोड्याने ठोकू नका. फाटक खाली लोंबत असेल तर आधी बिजागरीचे बोल्ट बघा.

ऑक्टोबरच्या एखाद्या रविवारी अर्धा तास काढून कुंपणाला एक फेरी मारा. खांबांवरच्या टोप्या घट्ट बसल्यात का ते हाताने दाबून बघा, उडालेली असेल तर थंडीच्या आत नवी लावा. पट्ट्यांच्या खालच्या बाजूलाही नजर टाका. चिखल फासून वाळल्यासारखा राखाडी पट्टा दिसला तर ती लँटर्नफ्लायची अंडी आहेत, एकेका पट्ट्यात ३० ते ५०. जुन्या क्रेडिट कार्डाने ती पिशवीत खरवडा, वर हँड सॅनिटायझर ओता आणि पिशवीचं तोंड बांधून कचऱ्यात टाका.