बाकी नुसतं वाळवंट

संध्याकाळी पुण्याच्या मैत्रिणीने तिच्या मस्कत सहलीचा कार्यक्रम पाठवला. मोठी मशीद, मॉल, डॉल्फिन बघायला बोट, परत मॉल. तिने ओमानमधल्याच अल ऐनच्या जुन्या कबरींचं विचारलं, तर टूरवाला म्हणाला, "बाकी नुसतं वाळवंट आहे मॅडम." तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

गेल्या डिसेंबरात बाबांना घेऊन अल ऐनला गेले होते. साताऱ्यात जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस. मागे जबल मिश्त, म्हणजे फणीचा डोंगर, आणि पुढे टेकाडावर ओळीने उभ्या गोल दगडी कबरी. सुमारे साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या. "अगं, या तर कणग्या!" बाबा म्हणाले. 1988पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि आम्हा दोघांशिवाय तिथे चिटपाखरू नाही. बाबा विचारतायत, कोणी बांधल्या, कोणाला पुरलं, आणि सांगायला माणूस नाही.

मग खालच्या गावातून एक आजोबा थर्मासमध्ये कहवा आणि खजूर घेऊन वर आले. पैसे घेतलेच नाहीत. मोडक्या अरबीत विचारलं, मुलं काय करतात? मस्कतला गेलीत, म्हणाले, नोकरी शोधायला.

अहो, नोकरी इथे या टेकाडाखाली होती ना!

1967पासून ओमान तेल विकतोय. 2014ला भाव कोसळले, 2020ला परत. दोन्ही वेळा इथल्या आमच्या इमारतीतली मराठी घरं सामान बांधून गेली. सरकारच्या 'व्हिजन 2040' या विकास आराखड्यात पर्यटन आहे, ठाऊक आहे मला. पण याच देशाने तेल शोधायला ऑरिक्सचं अभयारण्य नव्वद टक्के कापलं आणि 2007मध्ये ते वारसा यादीतून गेलं. जगात असं पहिल्यांदाच झालं. पांढऱ्याशुभ्र, लांब शिंगांच्या त्या जनावराचा विचार आला की अजून पोटात तुटतं.

बरं, बहलाचा किल्ला छान सावरला, मान्य. मिस्फात गावच्या लोकांनी जुनी घरं पाहुण्यांना उघडली, तेही. उन्हाळ्यात इकडे कोणी फिरकणार नाही, हेही खरंच.

पण बाबा आणि ते आजोबा अर्धा तास एका दगडावर बसले होते. एकमेकांची भाषा येत नव्हती. आजोबा कबरींकडे बोट दाखवून बोलत होते आणि बाबा मान डोलवत होते. त्यांच्या एका मुलाला चार भाषा शिकवून तिथे बसवलं असतं तर बाबांना उत्तरं मिळाली असती.

मैत्रिणीला दुसरा दिवस बदलायला सांगितलाय. सकाळी लवकर निघ, पाणी घरूनच घे. तिथे अजून दुकान नाही.